पायी अंतर : मुंबईच्या सार्वजनिक वाहतुकीच्या इतिहासाची प्रस्तावना

आजरा तालुक्यात रेल्वेचा रूळ नाही. आगगाडी धरायची तर कोल्हापूर गाठायचं, नाहीतर आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडी, नाहीतर सीमा ओलांडून बेळगाव. तरीही वाटंगी, पेरणोली, मडिलगे, उत्तूर, भादवण अशा कुठल्याही गावात मुंबईच्या वाहतुकीची खडान्‌खडा माहिती असलेलं माणूस सापडतंच. परळला उतरून लालबागला कसं जायचं, डिलाईल रोडहून दादर गाठायला किती वेळ लागतो, विरार गाडीत कुठल्या स्टेशनवर चढायचंच नाही, हे इथल्या म्हाताऱ्या माणसांना अजून तोंडपाठ आहे. या डोंगराळ पट्ट्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला जगायला गेली. घरटी एक माणूस गिरणीत, अशी गावं इथं होती.

हे पुस्तक मुंबईच्या सार्वजनिक वाहतुकीच्या इतिहासाचं आहे, आणि ते मुद्दाम आजऱ्याच्या बाजूनं लिहिलं आहे. शहराची वाहतूक कुणासाठी आहे, हा प्रश्न हातात पत्र्याची ट्रंक घेऊन नव्यानं उतरलेल्या माणसाला सगळ्यात आधी पडतो. खोली कुठं परवडेल, कामाची वेळ गाठायला किती चालावं लागेल, तिकिटात किती जातील आणि महिनाअखेरीला गावी मनिऑर्डर किती रुपयांची करता येईल, ही सगळी त्याच्या लेखी एकाच हिशेबाची कलमं असतात. इंजिनं, पूल आणि भुयारं यांचं कौतुक मलाही आहे आणि या पुस्तकात ते भरपूर आहे. पण कुठल्याही नव्या गाडीचं मोल ठरवायचं ते या हिशेबावरून, असं माझं ठाम मत आहे. त्या गाडीमुळं कष्टकरी माणसाचं पायी अंतर किती कमी झालं आणि त्यासाठी त्याच्या खिशातून किती गेलं, हे आधी पाहायचं.

मुंबईला जाण्याची वाटच मुळात लांबची. आजरा तेव्हा इचलकरंजी जहागिरीत. कोल्हापूरला रेल्वे आली १८९१ मध्ये. मिरजेपासूनचा हा फाटा कोल्हापूर संस्थानानं घातला. मिरजेहून पुण्यापर्यंत मीटरगेज, पुण्यात गाडी बदलायची आणि मग बोरीबंदर. कोल्हापूरहून गाडी न बदलता मुंबईला जाता येऊ लागलं ते सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, रूळ रुंद झाल्यावर. पण आजऱ्याच्या माणसाची खरी अडचण कोल्हापूरच्या अलीकडची होती. गडहिंग्लज, निपाणी करत कोल्हापूर गाठेपर्यंतच त्याचा निम्मा जीव जायचा.

ती अडचण एस.टी.नं सोडवली. १ जून १९४८ रोजी अहमदनगरहून पुण्याला पहिली गाडी सुटली. किसन राऊत ड्रायव्हर आणि लक्ष्मण केवटे कंडक्टर होते. महाराष्ट्राच्या वाहतुकीच्या इतिहासात मला ही तारीख बोरीबंदर-ठाणे गाडीइतकीच मोठी वाटते. रेल्वेनं शहरं जोडली. वाडीवस्तीचा माणूस शहराला जोडला तो एस.टी.नं. आजऱ्याच्या स्टँडवर मुंबईची रात्रीची गाडी लागली की तिच्या टपावर काय काय चढायचं ते आठवून पाहा. घनसाळ तांदळाची पोती, नाचणीच्या पिठाच्या पिशव्या, काजूगर, हंगामात फणस. प्रत्येक पिशवीला सुतळीनं बांधलेली चिठ्ठी, तिच्यावर नाव आणि चाळीचा पत्ता. जाणारा एक, पण सामान दहाजणांचं. हमालाशी घासाघीस, मागच्या शिडीवरून चढणारा पोरगा, खिडकीतून आत सरकवलेला डबा, आणि ‘पोचल्यावर पत्र टाक’ हे वाक्य प्रत्येक खिडकीपाशी. ही गाडी सकाळी मुंबईत उतरवायची आणि तिथून पुढं शहराची वाहतूक सुरू व्हायची.

खरं तर लगेच सुरू व्हायची नाही. पहिला प्रवास पायीच असायचा. ट्रंक डोक्यावर घेऊन गावाच्या खोलीवर जायचं. गिरणगावात गावोगावच्या अशा खोल्या होत्या, कुणी त्यांना गाळा म्हणायचं. दहा बाय बाराची एक खोली, वर्गणीनं भरलेलं भाडं आणि भिंतीला खुंट्यांची रांग. एका खुंटीवर एका माणसाचा सगळा संसार. पहिल्या पाळीचा माणूस अंथरुणातून उठला की रातपाळीहून परतलेला त्याच जागेवर आपली वळकटी पसरायचा, त्यामुळं एका खोलीत वीस-पंचवीस माणसं मावायची. जेवण खानावळीत. घरातल्या चुलीवर पंधरा-वीस जणांचा डबा रांधणाऱ्या या खानावळवाल्या बायकांना १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केलं. वाहतुकीच्या पुस्तकात त्यांचं नाव येण्याचं कारण असं की खोली, खानावळ आणि गिरणी ही तिन्ही ठिकाणं चालत जाण्याच्या टप्प्यात असल्यामुळंच त्या पगारात हे आयुष्य चालत होतं. गिरणीचा भोंगा ऐकू येईल इतक्या अंतरावर राहायचं, हा अलिखित नियम होता. ट्राम दारावरून जात असली तरी कामाला जायला ती रोज परवडायची असं नाही.

ट्रामची गोष्ट इथं थोडक्यात सांगतो, कारण पुस्तकात तिच्यासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. ९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. कुलाबा ते पायधुणी हा तिचा एक मार्ग, बोरीबंदर ते पायधुणी हा दुसरा. कुलाब्याहून पायधुणीपर्यंत तीन आणे पडत. त्या काळच्या मजुराला हे भाडं झेपणारं नव्हतं. पुढं दर उतरत एका आण्यावर आले, तेव्हा कुठं ट्राम सामान्यांची झाली. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम आली, १९२० मध्ये दोन मजल्यांची. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस धावली. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, ही सगळी व्यवस्था खासगी कंपनीकडून महापालिकेकडं आली आणि बेस्ट शहराची झाली. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. ती परळ-लालबागच्या रस्त्यानं गेली, म्हणजे गिरणगावातूनच. त्या काळात जगातल्या कितीतरी शहरांनी ट्राम मोडीत काढली. कलकत्त्यानं ती ठेवली. मोटारींना जागा हवी म्हणून स्वस्त आणि बिनधुराची गाडी रस्त्यावरून काढून टाकण्याचा तो निर्णय माझ्या मते चुकीचा होता, आणि त्याची किंमत आपण अजून मोजतो आहोत.

लोकलचा इतिहास बहुतेकांना शाळेपासून ठाऊक असतो. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, चौदा डबे, सुमारे चारशे निमंत्रित. नाना शंकरशेट यांनी या रेल्वेसाठी घेतलेले कष्ट मराठी माणूस विसरलेला नाही. त्याच्याइतकीच महत्त्वाची, पण कमी सांगितली जाणारी तारीख म्हणजे ३ फेब्रुवारी १९२५. त्या दिवशी व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याला विजेवरची पहिली लोकल गेली. वाफेचं इंजिन स्टेशनातून वेग घ्यायला वेळ लावतं. विजेची गाडी चटकन निघते आणि चटकन थांबते. त्यामुळं थोड्या थोड्या अंतरावर स्टेशनं ठेवता आली, एकामागून एक गाड्या सोडता आल्या, आणि मुंबई उत्तरेला पसरली. पार्ले, मुलुंड, डोंबिवली ही मराठी मध्यमवर्गाची गावं या विजेनं वसवली. गिरणी कामगार मात्र अजूनही भोंग्याच्या टप्प्यातच राहात होता.

तो टप्पा मोडला १९८२ मध्ये. १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्या संपाचा अधिकृत शेवट कधी झालाच नाही. आजऱ्याच्या स्टँडवर तेव्हा मुंबईहून येणाऱ्या गाड्या भरून येत आणि जाणाऱ्या रिकाम्या जात. काही जण शेतीला लागले, काही परत गेले आणि मिळेल ते काम करू लागले. कुणी वॉचमन, कुणी माथाडी, कुणी भाजीच्या गाडीवर. पुढं कुटुंबं मोठी झाली, लालबाग-परळच्या खोल्या विकल्या गेल्या, आणि आलेल्या पैशात नालासोपारा, विरार, बदलापूर, दिवा असं जिथं जमेल तिथं घर घेतलं गेलं. बापाचा कामावर जाण्याचा रस्ता दहा मिनिटांचा होता; मुलाचा दीड-दोन तासांचा झाला. एका पिढीत पायी अंतराचं रूपांतर लोकलच्या पासात झालं. मुंबईच्या वाहतुकीच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी घटना आहे असं मी मानतो. तिचं उद्घाटन कुणी केलं नाही, म्हणून तिला तारीख नाही.

गिरण्या गेल्या, पण लोकल त्याच राहिल्या. गिरण्यांच्या जमिनींवर उंच कचेऱ्या आल्या आणि तिथं कामाला येणारी माणसं त्याच जुन्या जिन्यांवरून, त्याच अरुंद पुलांवरून उतरू लागली. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पादचारी पुलावर काय झालं ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. पाऊस कोसळत होता, लोक पुलावर थांबले होते, मागून गाड्या एकामागून एक माणसं ओतत होत्या. चेंगराचेंगरीत २३ जण गेले. एल्फिन्स्टन आणि परळ ही जोडस्टेशनं गिरणगावाच्या ऐन मध्यावर. आजूबाजूला हजारो कोटींची बांधकामं उभी राहिली तोवर पुलाची रुंदी कुणी मोजली नव्हती. नंतर लष्करानं काही महिन्यांत नवा पूल बांधून दिला. तो आधी बांधणं अशक्य नव्हतं, हेच त्यातून सिद्ध झालं. या पुस्तकात मेट्रोच्या प्रकरणाआधी पादचारी पुलांचं प्रकरण येतं, ते यासाठी. लोकलमधून पडून आणि रूळ ओलांडताना मुंबई परिसरात दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं मरतात. हा आकडा इतक्या वर्षांत आपल्या अंगवळणी पडला आहे, आणि तो तसा पडू नये म्हणून मी तो या पुस्तकात पुन्हा पुन्हा आणला आहे.

आता भुयाराकडं येऊ.

जमिनीखालून रेल्वे न्यायची कल्पना श्रीमंतांच्या सोयीसाठी निघाली नव्हती, हे वाचून मला विलक्षण आनंद झाला होता. लंडनमध्ये चार्ल्स पिअर्सन नावाचा नगरपालिकेचा वकील होता. शहराच्या मध्यभागात कोंदट वस्त्यांमध्ये कुजणाऱ्या कामगारांना बाहेर मोकळ्या हवेत राहता यावं आणि स्वस्त गाडीनं कामाला येता यावं, म्हणून तो वर्षानुवर्षं भुयारी रेल्वेसाठी झगडला. १० जानेवारी १८६३ रोजी पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन ही जगातली पहिली भुयारी रेल्वे सुरू झाली. पिअर्सन त्याच्या काही महिने आधीच वारला होता. त्याच १८६३ मध्ये गोविंद नारायण माडगावकरांचं ‘मुंबईचें वर्णन’ प्रसिद्ध झालं, आणि आगगाडी तेव्हा मुंबईत जेमतेम दहा वर्षांची होती. पुढं १८८३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटनं कामगारांसाठी स्वस्त गाड्या सोडणं रेल्वे कंपन्यांना कायद्यानंच भाग पाडलं. भुयार आणि स्वस्त तिकीट यांची अशी गाठ सुरुवातीपासूनची आहे.

भारतात पहिली भुयारी रेल्वे धावली कलकत्त्यात, २४ ऑक्टोबर १९८४ रोजी. दिल्लीची मेट्रो २००२ ची. महाराष्ट्रात मुंबईची पहिली मेट्रो ८ जून २०१४ रोजी सुरू झाली, वर्सोव्याहून घाटकोपरपर्यंत, पण ती खांबांवरची. राज्यातलं मोठं भुयारी काम म्हणजे मुंबईची मेट्रो ३. कफ परेडपासून वांद्रे-सीप्झमार्गे आरेपर्यंत साडेतेहतीस किलोमीटर, २७ स्टेशनं, त्यातली २६ जमिनीखाली. पुण्यातही शिवाजीनगरहून स्वारगेटपर्यंत पेठांच्या आणि मुठेच्या खालून मेट्रो गेली, त्यातला शेवटचा टप्पा २०२४ च्या सप्टेंबरअखेरीस सुरू झाला. तिच्याबद्दल वेगळं लिहायला हवं.

मेट्रो ३ चं भुयार कसं खोदलं ते पाहण्यासारखं आहे. आधी रस्त्यात एक खोल, रुंद विहीर खणायची. क्रेननं यंत्राचे तुकडे तिच्यात सोडायचे आणि तळाशी जोडायचे. या यंत्राचं तोंड म्हणजे पोलादी चकत्या बसवलेलं एक प्रचंड गोल ताट. ते फिरतं, खडकाचा चुरा करतं, आणि तो चुरा पट्ट्यावरून मागं जातो. यंत्राच्या पाठीमागं काँक्रीटचे वक्र तुकडे जोडून एक कडं तयार होतं. मग यंत्र त्या कड्यालाच जॅक टेकवून स्वतःला पुढं रेटतं, नवं कडं जोडतं, पुन्हा रेटतं. कडं आणि खडक यांच्यातली पोकळी सिमेंटनं भरून घेतात. अशी सतरा यंत्रं मुंबईच्या पोटात चालत होती आणि त्यांना वैतरणा, गोदावरी, कृष्णा, तापी अशी महाराष्ट्रातल्या नद्यांची नावं दिली होती. २४ सप्टेंबर २०१८ रोजी गोदावरीनं मरोळजवळ पहिल्यांदा भुयार आरपार केलं. मुंबईखालचा बराचसा खडक ज्वालामुखीचा. कुठं काळा बसाल्ट, कुठं राखेपासून झालेला मऊ थर, कुठं दोन्हींची भेसळ. तोच लाव्हा सह्याद्री होऊन आजऱ्यापर्यंत आला आहे. इथं त्याच्या डोक्यावर जांभ्याची टोपी चढली एवढंच. विहीर काढताना काळा दगड लागला की काय होतं, हे आमच्याकडच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही.

गिरगाव आणि काळबादेवीचं काम सर्वांत नाजूक होतं. जुन्या, लाकडी खांबांच्या चाळी रस्त्याला खेटून उभ्या आणि त्यांच्या खालून भुयार. भिंतीभिंतींवर खुणा आणि मोजपट्ट्या चिकटवलेल्या असत; इमारत कलते का, भेग रुंदावते का, हे त्यांच्यावरून सतत वाचलं जाई. स्टेशनांच्या जागेवरच्या काही इमारती पाडाव्या लागल्या आणि तिथल्या रहिवाशांचं त्याच भागात पुनर्वसन करायचं ठरलं. पिढ्यान्‌पिढ्यांचं बिऱ्हाड हलवणाऱ्या त्या कुटुंबांचे, आणि आरेच्या कारशेडसाठी ऑक्टोबर २०१९ मध्ये रात्रीतून तोडलेल्या झाडांचे प्रश्न या पुस्तकात सविस्तर आले आहेत. सार्वजनिक वाहतूक हवी म्हणणाऱ्यानं या प्रश्नांकडं पाठ फिरवू नये. मी मेट्रोच्या बाजूचा आहे, म्हणूनच मला त्यांची उत्तरं हवी आहेत.

ही मेट्रो तीन टप्प्यांत खुली झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते बीकेसी, मे २०२५ मध्ये आचार्य अत्रे चौकापर्यंत, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत. दुसरा टप्पा सुरू होऊन तीन आठवडेही झाले नव्हते तोच २६ मे रोजी मुंबईत पाऊस लवकर आणि जोरात कोसळला, आणि वरळीच्या आचार्य अत्रे चौक स्टेशनात पाणी शिरलं. स्टेशनाचा एक प्रवेशमार्ग अजून बांधून व्हायचा होता, तिथून ते आत आलं. पाऊस हा मुंबईच्या वाहतुकीचा कायमचा परीक्षक आहे, आणि बांधकामाच्या वेळापत्रकात त्याची तारीख उद्घाटनाच्या तारखेआधी लिहायला हवी.

आणि हे स्टेशन वरळीचं आहे. तिथून चालत गेलं की बीडीडी चाळी, जिथं आजऱ्या-चंदगडच्या कितीतरी माणसांनी हयात काढली. ज्या जमिनीवर ही माणसं भोंगा ऐकून चालत होती तिच्याखालून आता थंडगार, आठ डब्यांची, काचेच्या दारामागं थांबणारी गाडी धावते. ती सुंदर आहे. तिचं काम पाहून अभिमान वाटतो. भाडं कमीत कमी १० रुपये, आणि पूर्ण मार्गाचं ७०. चर्चगेटहून विरारपर्यंत, म्हणजे ६० किलोमीटर, लोकलच्या दुसऱ्या वर्गाचं तिकीट १५ रुपये आहे. मे २०२५ मध्ये बेस्टचं किमान भाडंही पाचाचं दहा झालं. गावाकडं एस.टी.त मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट लागतं, आणि त्यामुळं आजऱ्याच्या बाजाराला, गडहिंग्लजच्या दवाखान्याला बायका एकट्या जाऊ लागल्या, हे मी रोज पाहतो. तिकीट स्वस्त झालं की माणसं हलतात. याला वेगळ्या पुराव्याची गरज नाही.

‘मुंबई वन’ हे ॲप ऑक्टोबर २०२५ मध्ये आलं आणि लोकल, मेट्रो, बस यांची तिकिटं एका मोबाइलवर निघू लागली. पाऊल चांगलं आहे. भाडं मात्र प्रत्येक गाडीचं वेगळं मोजलं जातं, आणि गाडी बदलणाऱ्या माणसाला प्रत्येक वेळी किमान भाडं नव्यानं भरावं लागतं. आणि घर जितकं लांब, तितक्या गाड्या बदलाव्या लागतात.

गिरणी कामगारांना म्हाडाकडून मिळालेली काही घरं पनवेलजवळच्या कोन गावात आहेत. तिथं राहणाऱ्या आणि वरळीत कामाला जाणाऱ्या माणसाला आधी पनवेल स्टेशन गाठावं लागतं, मग हार्बरच्या लोकलनं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, तिथून मेट्रो ३, आणि शेवटी थोडं चालणं. त्याचा बाप याच वरळीत पायी कामाला जात असे. या पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात तो प्रवास मी तिकिटातिकिटानं मांडला आहे, सकाळी घर सोडल्यापासून रात्री घरी येईपर्यंत.